मागं आणि हिंदे: गायरानावरच्या फुटबॉल सरावाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

गायरानाचा मलप्रभेकडचा तुकडा ग्रामपंचायतीनं सरावाला वापरू दिला. पावलांनी मोजला: लांबी ७२, रुंदी ४५. पुऱ्या मैदानाचा जेमतेम पाव हिस्सा, पण या वयाच्या पोरांना बास. जमीन मुरमाची आहे, पाणी फार थांबणार नाही. दगड मात्र पुष्कळ. पहिला अर्धा तास सगळ्यांनी मिळून दगडच वेचले.

पोरं १९ आली, वय १० ते १४. बॉल चार. त्यातला ५ नंबरचा, मोठ्यांच्या मापाचा, माझा कॉलेजातला. बाकीचे तीन ४ नंबरचे, उद्यमबागेत माझ्याबरोबर मशीनवर असणाऱ्या मित्रांनी वर्गणी काढून घेऊन दिलेले. गोल दोन, फुटसालच्या म्हणजे छोट्या मैदानावरच्या फुटबॉलच्या मापाचे, ३ मीटर बाय २ मीटर. दीड इंची पाइप आणून शॉपमध्येच वेल्डिंग करून घेतलं. मागच्या आडव्या पाइपवर वाळूची दोन-दोन पोती टाकल्याशिवाय कुणी गोलाजवळ जायचं नाही, हा पहिला नियम. पोरं बारला लोंबकळतातच, आणि मोकळा ठेवलेला गोल अंगावर पडून जगात मुलं दगावलेली आहेत. रेघा रांगोळीच्या मारल्या. चुना स्वस्त पडतो, पण ओला झाला की कातडी आणि डोळे भाजतो.

ठरवलंय ते असं. वर्ष संपायच्या आत तेरा वर्षांखालचा एक संघ उभा करायचा, आणि याच वर्षात मी एआयएफएफचं, म्हणजे देशाच्या फुटबॉल संघटनेचं, प्रशिक्षकाचं डी लायसन्स करायचं. डी, सी, बी, ए आणि मग प्रो अशी ती शिडी आहे. माझं २७ चालू आहे. २०१६ ते २०१९ बेळगावात कॉलेजच्या संघात राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावाला, खेळलो. शेवटच्या वर्षी कॉर्नरला उडी मारून एका पायावर उतरलो, गुडघा आत वळला, आतलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. आता पळता येतं, पण सामन्यात उतरायचं धाडस होत नाही. मैदान सोडवत नाही, म्हणून हे काम अंगावर घेतलंय.

पोरांची नावं हजेरीच्या वहीत आहेत. इथं ती लिहिणार नाही, खुणेनं ओळखेन.

१३ एप्रिल, रविवार

बुधवारी, शुक्रवारी आणि आज जे घेतलं ते हुबेहूब आमच्या कॉलेजातलं. मैदानाला दोन फेऱ्या, ताणाचे व्यायाम, मग बाटल्यांमधून बॉल नेण्याची रांग, मग शूटिंगची रांग, वेळ उरला तर शेवटी सामना.

आज मोबाइल बाभळीला बांधून सगळं चित्रित केलं आणि रात्री वही घेऊन बसलो. एका पोराचं मोजायचं ठरवलं. गवंड्याचा मुलगा निवडला, कारण तो सगळ्यात शांत. सत्तर मिनिटांत त्याचा पाय बॉलला ४३ वेळा लागला. त्यातले ३० बाटल्यांमधून जाताना. समोर कुणी अडवायला असताना फक्त ९. उरलेला वेळ पोरगं रांगेत उभं राहून पायानं माती उकरत होतं.

मग माझा आवाज मोजला. सत्तरपैकी २६ मिनिटं मी बोलतोय. पाय वाकव, खांदा टाकून हूल दे, बाहेरच्या बाजूनं घे. आणि तो माझ्या तोंडाकडे बघत उभा. बॉलकडेही नाही, समोरच्या गड्याकडेही नाही.

झोप लागली नाही. मला जे येतं ते मी सांगत होतो. पण मला ते आलं कसं? आमच्या घरामागचा बोळ चार हात रुंद होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. थोरला भाऊ अंगावर यायचा, बॉल गटारात गेला तर मलाच काढावा लागायचा. खांदा टाकायला मला त्या बोळानं शिकवलं. तसा बोळ या १९ जणांना गायरानावर कसा करून द्यायचा, हा प्रश्न आहे.

१६ एप्रिल, बुधवार

चार जणांविरुद्ध चार जण. २० पावलं बाय १५ पावलं, असे दोन चौकोन. गोलाच्या जागी चपलांच्या जोड्या. गोलकीपर नाही. रांगा बंद.

गोंधळ झाला. थोरली पोरं बॉल सोडेनात, बारकी पोरं कडेला जाऊन उभी राहिली. तालमीतले वस्ताद म्हशी घेऊन नदीकडून येत होते, बांधावर बसून बघत राहिले. सराव संपल्यावर म्हणाले, "जोड बघून लाव की. थोरल्याला थोरला, बारक्याला बारका. तालमीत आम्ही वजन बघतो, वय कोण इचारतंय?"

वस्तादांची स्वतःची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाची तीच, गुरुजींनी नाव घालताना लिहिलेली. त्यामुळे कागदावरच्या वयावर त्यांचा विश्वास नसणं साहजिकच. पण त्यांचं म्हणणं नुसतं तालमीपुरतं नाही. एकाच सालच्या मुलांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं संघात जास्त निवडली जातात, हे बऱ्याच देशांत दिसून आलंय. दहा-अकरा महिन्यांचा फरक त्या वयात उंचीत चांगलाच दिसू शकतो. इंग्लंडातल्या काही अकादम्या आता अधूनमधून वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून खेळवतात. आमच्या गावच्या तालमीत हे पिढ्यान् पिढ्या चाललंय, आणि मी त्या तालमीच्या दारावरून रोज जातो.

शुक्रवारी जोड्या वस्तादांकडूनच लावून घेणार.

२० एप्रिल, रविवार

जोड बघून गट. तोच गवंड्याचा मुलगा, तीच सत्तर मिनिटं. बॉलला पाय १३७ वेळा. समोर गडी असताना ८४. मी बोललो ११ मिनिटं. तरी जास्तच.

सुरुवातीच्या दोन फेऱ्याही काढून टाकल्या. त्याऐवजी फिफाचा ११+ हा वॉर्मअप. १५ व्यायाम, तीन भाग, साधारण २० मिनिटं. तो नियमित केलेल्या संघांत दुखापती ३० टक्क्यांहून जास्त घटल्याचं दिसलंय. मी फक्त उडीच्या व्यायामाला प्रत्येकासमोर जाऊन उभा राहतो. दोन्ही पायांवर उतर, गुडघा पंजाच्या रेषेत ठेव, आत पडू देऊ नकोस. एवढ्या एका गोष्टीत मी कुणालाही सूट देणार नाही. २०१९ मध्ये हे मला कुणी दाखवलं असतं तर, हा विचार दर वेळी येतो, आणि येऊ देतो.

४ मे, रविवार

वळीव. साडेचारला पश्चिमेला काळं झालं, पहिला गडगडाट झाला तेव्हा पोरं रंगात आली होती. सगळ्यांना समुदाय भवनात नेलं. झाडाखाली कुणी थांबायचं नाही, लोखंडी गोलाजवळ तर नाहीच. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून पुरी ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. दूधवाल्यांचा पोरगा दर पाच मिनिटांनी विचारत होता, "दादा, आता?" प्रत्येक वेळी वीज कडाडली की घड्याळ परत शून्यावर. सराव बुडाला.

११ मे, रविवार

आठ पोरांना घेऊन कोल्हापूर, शाहू स्टेडियम. पेठेच्या संघांचा खेळ त्यांनी पहिल्यांदा बघितला. कोल्हापुरात संघाची नावं अजून तालमींचीच आहेत, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम. ते ऐकून वस्तादांना फार बरं वाटेल. अनिकेत जाधव याच शहरातून निघून २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, हे पोरांना सांगितलं. परतीच्या गाडीत सगळी झोपली.

२५ मे, रविवार

काल मान्सून केरळात पोचला, २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. इकडे तर त्याआधीपासूनच कोसळतोय. गोलासमोर डबकी. जूनपर्यंत तरी मैदान मिळेल असा हिशेब केला होता, तो चुकला.

१५ जून, रविवार

शाळा सुरू झाल्या. आमच्याकडची पोरं मराठी शाळेतली. नदीपलीकडच्या गावातून आज नवीन पाच जण सायकलवर आले, ते कन्नड शाळेतले. त्यांतला एक गोलकीपर आहे, लांब हातांचा, जन्मजात. आमची पोरं मला दादा म्हणतात, ती पाच जणं अण्णा. दूधवाल्यांची पोरगी भावाला न्यायला यायची, ती आजपासून खेळते. तिच्या पाठोपाठ तिच्या वर्गातल्या अजून दोघी.

कन्नड मला कामापुरतं येतं, मशीनशॉपमध्ये निम्मा वेळ तेच बोलतो. पण मैदानावर घाईत तोंडातून मराठीच निघतं. त्या पाच जणांना मराठी बऱ्यापैकी समजतं, आमच्यातल्या थोड्यांना कन्नड. रात्री बसून सहा शब्दांचा तक्ता केला, प्रत्येक शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये. दे आणि कोडु. ये आणि बा. थांब आणि निल्लु. तो समुदाय भवनाच्या भिंतीवर लावणार.

२९ जून, रविवार

पहिला मैत्रीचा सामना, खानापूरच्या पोरांशी, सात-सात जणांचा. पाच गोलांनी हरलो, एकही मारता आला नाही.

हरण्याचं काही नाही. चिखल दोघांनाही सारखाच होता. तिसरा गोल मात्र जसा झाला तसा लिहून ठेवतो, कारण तो माझ्या कामातला दोष आहे.

दूधवाल्यांच्या पोरीकडे बॉल आला तेव्हा तिची पाठ त्यांच्या गोलाकडे होती. मागून त्यांचा एक थोराड गडी तिच्यावर चालून येत होता. गवंड्याच्या मुलानं ते बघितलं आणि ओरडला, "मागं! मागं!" तुझ्या मागं कुणीतरी आलंय, असं त्याला म्हणायचं होतं. तिनं ऐकलं ते असं की बॉल मागं दे. न बघता तिनं तो आमच्या गोलाच्या दिशेनं सोडला. तिथं त्यांचा दुसरा पोरगा उभा होता. गोल.

ती रडली. गवंड्याचा मुलगा म्हणत राहिला, "मी सांगितलं होतं की गा तुला." दोघंही खरं बोलत होती. एकच शब्द, दोन अर्थ, आणि निर्णयाला अर्धा सेकंद.

आम्ही कॉलेजात यासाठी "मॅन, मॅन" ओरडायचो. ते या पोरांना सांगून बघितलं. बारक्यांना ते "मान" ऐकू येतं, ती मान वळवायच्या ऐवजी चाचपतात. माझ्या सहा शब्दांच्या तक्त्यात हा प्रसंगच नव्हता. मी भाषांतर करत बसलो, खेळात नेमकं कुठं बोलावं लागतं ते बघितलंच नाही.

आणि मी स्वतः? बाजूच्या रेषेवरून पूर्ण सामनाभर ओरडत होतो. माझ्या आरडाओरड्यात त्यांचा एकमेकांचा आवाज त्यांना किती ऐकू आला असेल, देव जाणे.

६ जुलै, रविवार

काल चियांग मायला भारताच्या मुलींनी थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशिया चषकात जायची ही पहिलीच वेळ. आमच्या तिघींना मोबाइलवर गोल दाखवले. एकीनं पहिला गोल सहा वेळा बघितला आणि विचारलं, "ती शूट मारायच्या आधी वर बघते काय?" हा प्रश्न मी तिला शिकवलेला नाही.

१३ जुलै, रविवार

रोप लावणी. हजेरी ७. चिखलात वाकून दिवस काढलेल्या पोराला संध्याकाळी पळवायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलंय. लावणी संपेपर्यंत आठवड्यातून दोनच दिवस, समुदाय भवनात, पाऊण तास.

आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगचा, पुढचा हंगाम थांबवल्याची बातमी परवा आली. आज एका पोराचे वडील येऊन म्हणाले, "मोठ्यांचीच लीग थांबलीय म्हणतात, मग आमच्यानं खेळून काय करायचं?" मी त्यांना नोकरीचं, कोट्याचं काही सांगितलं नाही, कारण तसं वचन देणं खोटं ठरेल. म्हटलं, काका, त्याला तीन महिन्यांपूर्वी दोन चकरा मारून दम लागत होता, आज तासभर पळतो, आणि पलीकडच्या गावात त्याला पाच मित्र झालेत. ते थोडा वेळ उभे राहिले. पोराला घेऊन गेले नाहीत.

२७ जुलै, रविवार

आजची नोंद मोठी होणार.

समुदाय भवनात आठ खांब आहेत. ते खांब म्हणजेच माझा बोळ, हे मला आज कळलं. खांबांमध्ये तीन विरुद्ध तीन खेळवलं. चेंडू चिंध्यांचा, कारण भवनाला लागून मारुतीचं देऊळ आहे आणि पहिल्या दिवशी एका आजोबांनी विचारलं होतं, बॉल चामड्याचा आहे का. हल्लीचे बॉल कृत्रिम कातड्याचे असतात, पण त्यांच्या समाधानासाठी चिंध्या बांधल्या, आणि त्याचा फायदाच झाला. चिंध्यांचा चेंडू उसळत नाही, लांब जात नाही. पोरांना मान वर करायला वेळ मिळतो.

काम एवढंच दिलं होतं: चेंडू येण्याआधी एकदा खांद्यावरून मागं बघायचं. नॉर्वेचे गेर योर्डेट यांनी वर्षानुवर्षं खेळाडूंचं चित्रण करून हे तपासलंय. चेंडू मिळण्याआधी जो जास्त वेळा आजूबाजूला बघतो, त्याचे पास जास्त नीट जातात. मी "बघितलंस का?" म्हणून ओरडत नाही. खांबामागं उभा राहून बोटं वर करतो, चेंडू घेणाऱ्यानं किती बोटं ते सांगायचं.

पण घडलं ते वेगळंच. खांबाआडून कोण येतंय ते दिसत नसल्यामुळे पोरांना एकमेकांना सांगावंच लागत होतं. पलीकडच्या गावचा एक पोरगा आपल्या मित्राला ओरडला, "हिंदे!" म्हणजे मागं, तुझ्या पाठीशी. मित्र वळून निसटला. दोन मिनिटांनी गवंड्याचा मुलगा तोच शब्द ओरडला, "हिंदे!" दूधवाल्यांच्या पोरीनं त्यावर चेंडू पायाखाली घेऊन खांद्यानं झाकला. अर्ध्या तासात सगळेच. पाठीशी गडी आला की हिंदे. चेंडू मागं द्यायचा असला की मागं. कन्नड शब्दाला एक काम, मराठी शब्दाला दुसरं. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला शिकवलं नाही. २९ जूनचा तिसरा गोल ज्या जागी झाला होता, ती जागा पोरांनी स्वतःच बुजवली.

मग कीपरकडे लक्ष दिलं. तो चेंडूवर येताना "बिडु!" म्हणतो. सोड. मराठीत "सोड" म्हटलं की आमची पोरं पास सोडतात, म्हणजे लगेच मारतात. कीपरला म्हणायचं असतं, हात लावू नकोस, मी आलो. तर कीपरचा आवाज आला की बिडु, आणि पास पटकन द्यायचा असला की सोड. हेही त्यांनी करून टाकलं.

घरी येताना भिंतीवरचा माझा तक्ता काढला.

३ ऑगस्ट, रविवार

खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले, परवा जाहीर झालं. दुखापतींनी त्यांचं खेळणं संपलं आणि २००९ मध्ये मुंबई एफसी या क्लबचे ते प्रशिक्षक झाले, वय ३२. नंतर २०१६-१७ ला आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. रात्री पहिल्या पाळीचा डबा भरताना हे आईला सांगत होतो. तिनं विचारलं, गुडघ्याला तेल लावलंस का.

१७ ऑगस्ट, रविवार

पोस्टमनचा मुलगा गुडघ्याखाली नडगीच्या हाडावर दुखतंय म्हणतो. हात लावला तर उंचवटा लागला. एप्रिलपासून दीड इंच वाढलाय, समुदाय भवनाच्या दारावर खुणा आहेत. झपाट्यानं वाढणाऱ्या वयात तिथं दुखणं येतं, बहुतेकदा ते वाढ संपली की जातं, पण त्यासाठी भार कमी करावा लागतो. डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनीही तेच सांगितलं. सहा आठवडे उड्या बंद, पळणं कमी. त्याला बाजूला नुसतं बसवलं तर तो यायचा थांबेल, म्हणून त्याला मोजणीची वही दिली. आता बॉलला पाय किती वेळा लागला ते तो मोजतो, माझ्यापेक्षा काटेकोर. माझी बोलण्याची मिनिटंही मोजतो. आज ६.

डोक्यानं खेळण्यावरून एका वडिलांशी वाद झाला. बारा वर्षांखालच्यांना मी हेडिंग शिकवत नाही. इंग्लंडच्या संघटनेनं २०२० मध्येच प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढलंय. त्यांना पटलं नाही. मी बदलणार नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. सराव नाही. कुणी बेळगावात मावशीकडे, कुणी ढोल वाजवायला.

५ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याच्या सुट्टीत डी लायसन्सचा कोर्स करून आलो. शॉपमधली शिल्लक सगळी रजा गेली.

मैदानावरची परीक्षा अनोळखी मुलांवर होती. विषय मिळाला: कीपरपासून खेळ सुरू करणं. हा माझा कच्चा भाग, कारण मी खेळत होतो तेव्हा गोलकिकचा बॉल पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलासमोरच्या मोठ्या चौकोनाच्या, बाहेर गेल्याशिवाय कुणी घेऊ शकत नव्हतं. आम्ही लांब मारायचो आणि मागं धावायचो. २०१९ मध्ये नियम बदलला, आता आपला गडी एरियाच्या आतच बॉल घेऊ शकतो. ज्या उन्हाळ्यात मी पायाला पट्टी बांधून पडून होतो, त्याच उन्हाळ्यात. म्हणजे हा खेळ मी स्वतः कधी खेळलेलोच नाही.

परीक्षकांनी नंतर सांगितलं ते लिहून आणलंय. वीस मिनिटांत मी खेळ सात वेळा थांबवला. त्यातल्या पाच वेळा मी थांबवलं नसतं तर पुढच्या क्षणी मुलांनी स्वतःच वाट काढली असती. उरलेले दोन थांबे चांगले होते. त्या दोन वेळा मी काय वेगळं केलं, ते येताना रेल्वेत आठवत बसलो. एकदा मी कीपरला विचारलं होतं, तुला इथून किती जण मोकळे दिसतात? दुसऱ्यांदा काहीच न बोलता बॉल परत आधीच्या जागी ठेवून पुन्हा खेळायला लावलं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

गोलकिक छोटी घेऊन खेळायचा सराव. पहिल्या दहांपैकी सहा वेळा बॉल गेला आणि गोल झाला. बांधावरचे पालक ओरडत होते, "लांब मार की!" माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. सामना थांबवून पालकांपाशी गेलो आणि विनंती केली: टाळ्या कितीही वाजवा, पण कुठं मारायचं ते सांगू नका, पोरांना एकमेकांचं ऐकू येत नाही. वस्ताद मध्ये बसले होते. ते म्हणाले, "आखाड्याच्या कडंनं डाव सांगत्यात, तो गडी चितपट हुतोय." त्यानंतर कुणी ओरडलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज राज्योत्सव आणि काळा दिवस, १९५६ पासून सीमाभागात ही तारीख अशीच येते. शहरात बंदोबस्त. मला या दिवसाबद्दल जे वाटतं ते माझ्या घरातल्या सगळ्यांना वाटतं, ते इथं लिहिण्याची जागा नाही. सरावाचा दिवस नव्हता. तरी चार वाजता पलीकडच्या गावची पाचही पोरं सायकली घेऊन आली, शाळेला सुट्टी म्हणून. आमची नऊ जमली. अंधार पडेपर्यंत खेळली. मी बांधावर बसून होतो.

९ नोव्हेंबर, रविवार

डीचा निकाल आला. पास. पोस्टमनचा मुलगा परत खेळायला लागला, पण मोजणीची वही सोडायला तयार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

बेळगाव, टिळकवाडीतल्या मैदानावर शहरातल्या संघाशी सामना. नऊ-नऊ जणांचा, तेरा वर्षांखालचा. २-१ नं हरलो.

आमचा गोल कीपरपासून झाला. छोटी गोलकिक, एरियाच्या आतच गवंड्याच्या मुलानं घेतली, अंगावर गडी आला तसा कीपर ओरडला, "हिंदे!" त्यानं बॉल झाकला, बाजूला दिला, तिथून दूधवाल्यांची पोरगी, आणि तिनं बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून बघितलं होतं, मी मोजलं. तिनं लांब कोपऱ्यात सोडलेल्या बॉलवर पोस्टमनचा मुलगा पोचला. माझ्याकडून त्या सगळ्यात एक शब्द गेला नाही.

दुसरा गोल बसला तो वेगळ्याच कारणानं. आमच्या मिडफिल्डमधल्या पोराकडे बॉल आला, त्याच्या मागं दहा पावलांत कुणी नव्हतं, वळायला भरपूर वेळ होता. त्याला ते कळलं नाही. घाईनं मागं दिला, तो कापला गेला. मागं कुणी आहे हे सांगायला त्यांच्याकडे शब्द आहे. मागं कुणी नाही, वळ, हे सांगायला नाही.

परतताना टेंपोत त्यावरच चर्चा चालली होती. कुणी म्हणालं "फिर". कीपर म्हणाला "तिरगु". टेंपोवाल्या चाचांचा मुलगा, तो उर्दू शाळेत जातो आणि गेल्या महिन्यापासून खेळायला येतो, म्हणाला "खाली". म्हणजे मोकळा आहेस. त्यावर गवंड्याचा मुलगा, "खाली म्हटलं तर मी खाली उतरणार की, डिफेन्सला." परत एका शब्दाचे दोन अर्थ. दूधवाल्यांची पोरगी म्हणाली, तीन अक्षरं लांब पडतात, मधल्या माणसाला ऐकू येईपर्यंत गडी अंगावर येतो, दोनच पाहिजेत. देसूरपर्यंत भांडण चाललं, काही ठरलं नाही.

बुधवारी खांबांमध्ये तीन विरुद्ध दोन खेळवायचं. एक जण कायम मोकळा राहील असं.